गोळी लपवता येते, रोजचं जाणं कसं लपवायचं?

गोदाकाठची | सोमवार, रात्री ११.४०

एरवी मी इथे उपवासाच्या पदार्थांच्या धाग्यावर असते, त्यामुळे काहींना आयडी ओळखीचा वाटेल. वाटला तरी ओळख दाखवू नका, एवढी विनंती.

वय ४३, गंगापूर रोडला राहते, शाळेत शिकवते. दोन वर्षं डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू आहे. सुरुवात नेमकी कधी झाली ते सांगता येत नाही. दहावीचे पेपर तपासायला आणले होते आणि एकाच गठ्ठ्यावर चार दिवस बसून होते, एवढं आठवतं. पहाटे साडेतीनला जाग यायची ती यायचीच. कोणी बोललं की आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा यायचा. रडू म्हणाल तर नाही. रडू आलं असतं तर घरच्यांना कळलं तरी असतं.

आधी एस्सिटालोप्राम, आठ महिने. मग व्हेनलाफॅक्सिन, डोस वाढवत वाढवत. मधे समुपदेशन. थोडा फरक पडतो आणि गाडी परत तिथेच रुतते. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता आरटीएमएसचा विचार करू. डोक्याला बाहेरून चुंबकीय लहरी देतात, भूल नाही, ॲडमिट होणं नाही. आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे.

माझं घोडं पेंड खातं ते इथे. नवऱ्याशिवाय घरात कोणाला काही माहीत नाही. सासूबाईंना ती गोळी थायरॉईडची म्हणून माहीत आहे. (बाटलीसुद्धा थायरॉईडचीच, बहिणीकडून आणलेली.) महिन्यातून एकदा डॉक्टरकडे जायचं तर 'शाळेत मीटिंग' होते. पण तीस दिवस रोज कसली मीटिंग? आणि क्लिनिक नेमकं आमच्या शाळेच्या निम्म्या पालकांच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. मी मिटल्यासारखी झालेय हे त्यांना दिसतं. त्यांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घेऊ म्हणून गुरुजींशी बोलूनही ठेवलंय. तीन दिवसांचा विधी. तो मात्र सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलेला चालतो.

कोणी हे घेतलंय का? दुखतं का? आणि कोणाला काय सांगितलंत?

खडीसाखर | सोमवार, रात्री ११.५८

वाचतेय. लिहिलंस ते बरं केलंस.

सोमेश्वर_पहाट | मंगळवार, सकाळी ६.१०

ताई, राग मानू नका. हे सगळं मोबाईल आणि बसून राहण्यामुळे. पहाटे पाचला उठून सोमेश्वरपर्यंत चालत जा, नदीकाठी अर्धा तास बसा. मी अकरा वर्षं जातोय, एक गोळी नाही. आपल्या आज्यांना कुठे होतं डिप्रेशन?

खडीसाखर | मंगळवार, सकाळी ८.०२

दादा, ती साडेतीनलाच उठते. तुमच्या आधी दीड तास.

रविवार_कारंजा | मंगळवार, सकाळी ८.४५

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

रविवार_कारंजा | मंगळवार, सकाळी ८.५१

चिडून लिहिलं होतं, काढलं. चालण्याने फायदा होतो हे डॉक्टरही सांगतात, पण ज्याला अंथरुणातून पाय खाली टाकता येत नाही त्याला सोमेश्वर कुठे दाखवता?

सातपूरकर | मंगळवार, दुपारी १.२०

घेतलंय. तीन वर्षं झाली. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुकड्या-तुकड्यात येईल.

पहिल्या दिवशी मशीन चालू करण्याआधी माप घेतात. डोक्यावर कापडी टोपी घातली, टेपने नाकाच्या मुळापासून मागपर्यंत मोजलं, पेनाने खुणा केल्या. शिंप्याकडे आल्यासारखं वाटलं. मग मशीनची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, एका बाजूला धरून एकेक झटका देतात आणि तुमच्या विरुद्ध हाताच्या अंगठ्याकडे बघत बसतात. किती ताकदीला अंगठा उडतो, त्यावरून तुमचा डोस ठरतो. प्रत्येकाचा वेगळा. माझा अंगठा माझ्या परवानगीशिवाय उडाला तेव्हा मला हसू आलं. किती महिन्यांनी, ते विचारू नका.

नंतर कॉइल डाव्या कपाळाच्या वरच्या बाजूला. चार सेकंद टकटकटकटक, मग सव्वीस सेकंद शांतता. परत चार सेकंद. असं साडेसदतीस मिनिटं. एका बैठकीत तीन हजार ठोके. कानात बोळे देतात, तरी सुतारपक्षी डोक्यावर बसलाय असं वाटतं. दुखतं का? पहिले तीन-चार दिवस हो. कातडीला टोचल्यासारखं, डाव्या डोळ्याची पापणी फडफडायची, घरी गेल्यावर डोकं दुखायचं. साधी क्रोसिन पुरली, तीही डॉक्टरांना विचारून. दुसऱ्या आठवड्यात त्याच खुर्चीत मी बातम्या बघायला लागलो. संपलं की स्वतः गाडी चालवत घरी.

सातपूरकर | मंगळवार, दुपारी ४.३५

पुढे.

फरक कधी पडला? दोन आठवडे काही नाही. मी बायकोला म्हटलं, पैसे गोदावरीत गेले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस केली. वर्षभर तो म्हणेल ते देत होतो. बायको पिशवी धरून बघतच राहिली. तीस बैठका पूर्ण केल्या. त्यानंतर चौदा महिने चांगले गेले, मग परत घसरलो, परत काही बैठका घेतल्या. गोळी अजून चालू आहे, अर्ध्या डोसवर. हे सगळं सांगतोय कारण 'एकदा केलं की सुटलो' असं नसतं.

कोणाला काय सांगितलं, हा तुमचा खरा प्रश्न. कंपनीत सांगितलं, मानेची फिजिओथेरपी चालू आहे. सुपरवायझरने मला मानेचे व्यायाम शिकवले. रोज मान वाकडी करून फिरायचं नाटक केलं. त्या नाटकाने जितका दमलो तितका मशीनने नाही दमलो. पंचविसाव्या दिवशी वैतागून त्याला खरं सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, पत्ता दे, भावासाठी पाहिजे.

ओझरचा_निवृत्त | मंगळवार, रात्री ९.०५

माझा प्रश्न वेगळा. चुंबक म्हटलं की मला ती चुंबकीय गादी आठवते. एका मेळाव्यात चहा-बिस्किटं देऊन गळ्यात मारली होती, अजून माळ्यावर आहे. हे त्यातलंच तर नाही ना, म्हणून जरा वाचून काढलं. जन्म मशीनच्या सहवासात गेला, सवय जात नाही.

त्यातलं नाही. गादीतला चुंबक नुसता पडून असतो. त्याचं क्षेत्र बदलत नाही, म्हणून तो शरीरात वीज निर्माण करत नाही. इथे तांब्याच्या वेटोळ्यातून मोठा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात सोडतात आणि थांबवतात. क्षेत्र बदललं की शेजारच्या वाहकात प्रवाह तयार होतो, हा फॅरडेचा १८३१ चा नियम. शाळेत गॅल्व्हानोमीटरचा काटा हलवून दाखवायचे, तोच. फक्त इथे काट्याच्या जागी मेंदूचा वरचा थर, कॉइलपासून दोन-तीन सेंटिमीटर खोल. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही, हीच त्यातली मेख. ताकद दीड-दोन टेस्ला, म्हणजे एमआरआयच्या जवळपास, पण क्षणभर आणि बोटभर जागेत.

इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये असं यंत्र पहिल्यांदा माणसाच्या मेंदूवर वापरून दाखवलं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-यंत्रांना परवानगी देणारी सरकारी संस्था) डिप्रेशनसाठी २००८ मध्ये परवानगी दिली, ओसीडीसाठी (तेच तेच विचार, त्याच त्याच कृती करायला लावणारा आजार) २०१८ मध्ये. त्याच वर्षी तीन मिनिटांच्या छोट्या पद्धतीलाही परवानगी मिळाली, तिला थीटा बर्स्ट म्हणतात. ताई, तुमच्या डॉक्टरांना ती त्यांच्याकडे आहे का विचारा. सदतीस मिनिटांऐवजी तीन मिनिटं असतील तर निम्मं लपवणं तसंच वाचेल.

(गादी कोणाला पाहिजे असल्यास घेऊन जा.)

नाईट_ड्युटी | मंगळवार, रात्री ११.१५

मनोविकार विभागात काम करते. तुमची डॉक्टर नाही, म्हणून फक्त विचारायच्या गोष्टी सांगते.

डोक्यात किंवा डोक्याजवळ धातू असेल, मेंदूतल्या रक्तवाहिनीला बसवलेली क्लिप असेल, कॉक्लिअर इम्प्लांट (कानाच्या आत बसवलेलं ऐकायचं यंत्र) असेल, तर हे चालत नाही. पेसमेकर असला तर आधी सांगायचंच. पूर्वी कधी फिट आली होती का, डोक्याला मोठा मार लागला होता का, घरात कोणाला मिरगी आहे का, हेही. फिट येणं हा यातला खरा गंभीर धोका. तो फार विरळ आहे, हजारात एकापेक्षाही कमी, पण आहे. रात्रीची झोप झाली नसेल, दारू घेतली असेल किंवा अचानक बंद केली असेल, नवीन गोळी सुरू झाली असेल, तर त्या दिवशी मशीनवर बसण्याआधी सांगा. आणि आता मशीन आलं म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू नका. हे दर महिन्याला कोणीतरी करतंच.

किती जणांना उपयोग होतो? अमेरिकेत ४२ ठिकाणच्या ३०७ पेशंटांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. सगळे तुमच्यासारखे, गोळ्यांनी पुरेसा फरक न पडलेले. डॉक्टरांच्या मोजमापात ५८ टक्के लोकांना ठळक फरक पडला, ३७ टक्के जवळजवळ लक्षणमुक्त झाले. त्यात तुलनेला खोटी ट्रीटमेंट दिलेला गट नव्हता, त्यामुळे आकडा थोडा हात राखून घ्यावा. तरी दोन औषधं फसल्यानंतर तिसरं औषध जेवढी आशा देतं, त्यापेक्षा हे बरं.

अजून एक. तुम्ही रात्री पावणेबाराला लिहिलंत. जगणं नको असे विचार येत असतील तर सहा आठवड्यांची वाट बघायची नाही, डॉक्टरांना तेव्हाच फोन करायचा. तो नाही लागला तर १४४१६, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

गोदाकाठची | बुधवार, पहाटे ३.५०

तसे विचार आत्ता नाहीत. मागच्या पावसाळ्यात होते. नंबर सेव्ह केला, 'टेलर' नावाने. सवय.

पिंपळगावची_लेक | बुधवार, सकाळी १०.३०

दुसरी बाजू सांगते, घाबरवायला नाही.

आमच्या आप्पांना आरटीएमएसचा उपयोग झाला नाही. द्राक्षबाग आहे. तोडणीच्या तोंडावर अवकाळीने मणी तडकले, तिथून त्यांनी जे तोंड मिटलं ते मिटलंच. जेवण सुटलं, शेवटी शेवटी पाणीसुद्धा चमच्याने. नाशिकला मावशीकडे राहून वीस बैठका केल्या. ढिम्म. मग डॉक्टर म्हणाले, ईसीटी करू. घरात रणकंदन. काका म्हणाला, बापाला शॉक देता? सिनेमात बघितलेलं ना, हातपाय बांधून, तोंडात बोळा.

प्रत्यक्षात भूल दिली, स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं, मी दाराबाहेर होते, चहा संपायच्या आत झालं. भूल न देता ईसीटी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच आहे. सहाव्या वेळेनंतर आप्पांनी विचारलं, डाउनीची (द्राक्षावरचा रोग) फवारणी झाली का. त्या महिन्याभरातलं त्यांना नीट आठवत नाही, ही किंमत मोजावी लागली. ते स्वतः म्हणतात, त्या महिन्यातलं आठवायचंय कोणाला?

म्हणून गोदाकाठचीताई, हे करून बघ, पण हाच शेवटचा दरवाजा असं मनात धरून जाऊ नकोस.

क्लेम_रिजेक्टेड | बुधवार, दुपारी १२.१०

पैशाचं कोणीच बोललं नाही. मुलासाठी केलं, ओसीडी. सेशनचा दर प्रत्येक ठिकाणी वेगळा, म्हणून सगळ्या सेशनचा एकूण आकडा आणि मधेच सोडलं तर काय, हे कागदावर घ्या. माझा खर्च एका सेकंडहँड गाडीएवढा झाला. चारचाकी नाही, दुचाकी.

इन्शुरन्सवाल्यांनी क्लेम फेकून दिला. कारण, पेशंट चोवीस तास ॲडमिट नाही. २०१७ च्या कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजाराच्याच पायावर द्यायचा. पण ॲडमिट न होता घेतलेल्या उपचाराला पॉलिसीत ओपीडी कव्हर नसेल, तर ते हात वर करतात, गुडघा असो की मेंदू. समानता म्हणतात ती हीच. आणि फोनवरचा माणूस डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणून काहीतरी वाचून दाखवायला लागला तर थांबवा. ते ऑपरेशन असतं, तारा मेंदूत घालतात. आपलं ते नाही. सुरू करण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

नाईट_ड्युटी | बुधवार, दुपारी २.४०

त्याच कायद्याचं कलम २३ पण वाचा, गोपनीयतेचं. शाळेला कोणता आजार ते सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवणार. क्लिनिकने परस्पर कोणाला सांगायचं नाही. रजेपुरतं सर्टिफिकेट मागा.

रविवार_कारंजा | बुधवार, दुपारी ३.१५

म्हसरूळला अख्खं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आपल्याकडे, १९९८ पासून. महाराष्ट्रातले डॉक्टर पास-नापास इथून होतात. आणि आपण नाशिककर गोळी थायरॉईडच्या बाटलीत भरून खातो. मीही त्यातलाच. माझी ॲसिडिटीच्या पाकिटात असते. आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय.

पंचवटीतली_आजी | बुधवार, सायंकाळी ७.३०

नातीने टाईप करून दिलं आहे, चुका तिच्या.

सोमेश्वरवाले भाऊ विचारतात, आपल्या आज्यांना कुठे होतं. होतं. माझ्या थोरल्या भावाला १९७४ मध्ये पुण्याला येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. तेव्हा कोणी हूड पोर दिसलं की गंमतीत म्हणायचे, याला येरवड्याला धाडा. आमच्या घरात तो विनोद बंद झाला, एवढाच फरक. बाहेर सांगायचं, आसामात चहाच्या मळ्यावर नोकरीला आहे. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत सगळ्या भावांची नावं होती, त्याचं नव्हतं. नवरा मला वर्षभराने विचारायला लागला, तुमचे आसामचे बंधू पत्र का नाही पाठवत. मग आई स्वतःच पत्रं लिहायला लागली, डाव्या हाताने, अक्षर वेगळं दिसावं म्हणून. मी ती वाचून दाखवायची. तो पाच वर्षांनी घरी आला. बराच बरा होता. पण गावात आसामच्या चहाबद्दल विचारायचे आणि त्याला काही सांगता यायचं नाही, म्हणून तो बाहेर पडेना.

बाळ, तुझ्या सासूला तू काही सांगितलंच नाहीस. तिला सून झिजताना दिसते, तिच्या हातात जे होतं ते तिने काढलं, गुरुजी. तू डॉक्टरचं नाव दिलं असतंस तर कदाचित तिने डॉक्टरला फोन केला असता. कदाचित नसताही. पण अजून विचारलंच कुठे आहे?

खडीसाखर | बुधवार, सायंकाळी ७.४४

आजी. डाव्या हाताने.

सोमेश्वर_पहाट | बुधवार, रात्री ८.२०

आजी, चुकलो. माझी एक मावशी होती, 'अंगात येतं' म्हणायचे. आज जरा वेगळं आठवतंय सगळं.

गोदाकाठची | शनिवार, रात्री १०.०५

तीन दिवस सगळे प्रतिसाद परत परत वाचले. आता हकिगत.

गुरुवारी ह्यांना म्हटलं, आईंना सांगू या. ते म्हणाले, मी सांगतो. मी नको म्हटलं. ते सांगताना 'तिला जरा टेन्शन आहे' असं सांगतात, ते मला नको होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाई मेथी निवडत होत्या. (सातपूरकर, तुमची आठवण झाली.) मी थायरॉईडची बाटली त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, ही थायरॉईडची नाही. त्या निवडत राहिल्या. मी सगळं सांगितलं. पेपरांचा गठ्ठा, साडेतीन, दोन वर्षं. मागच्या पावसाळ्याचंही सांगितलं, ते ठरवलं नव्हतं.

त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "आमच्या घरातलं कोणी बोललं का तुला?" म्हणजे त्यांचा दोष आहे का. मी म्हटलं, नाही, आजार आहे. मग बराच वेळ काही नाही. मग, "पोरांना लागेल का हे पुढे?" याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं, डॉक्टरांना विचारते म्हटलं. मग म्हणाल्या, शेजारी कळता कामा नये. तर सगळं छान-छान झालं असं कोणी समजू नका. रात्री जेवल्या नाहीत. मला वाटलं, उगाच सांगितलं.

आज सकाळी चहा देताना म्हणाल्या, नागबळी करायचाच, पण तुझं ते मशीन आधी होऊ दे, तीन दिवस तुझे खाडे नकोत. गुरुजींना फोन करून पुढची तारीख घेतलीसुद्धा. ह्यांना हसू आवरेना. मी नागबळीला हो म्हटलं. इथल्या काहींना पटणार नाही, पण मला एका वेळी एकच लढाई झेपते.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंना फक्त 'उपचार चालू आहेत, सहा आठवडे चारला निघेन' असं सांगितलं. त्यांनी कसले ते विचारलं नाही. न विचारण्यात बरंच काही विचारल्यासारखं होतं, पण असू दे. डॉक्टरांकडे तीन मिनिटांची पद्धत आहे, ओझरचे काका, ती माझ्यासाठी चालेल का ते मापं घेतल्यावर सांगणार आहेत. खर्चाचा कागद घेतला. इन्शुरन्सला ईमेल केला, अजून उत्तर नाही.

सोमवारी पहिला दिवस. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणून ठेवलेत, त्यामुळे गाडी नेणार नाही. सासूबाई म्हणतात, मी येते सोबत रिक्षाने, बाहेर बसेन. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय की सुनेला घेऊन मानेच्या डॉक्टरकडे चाललेय.

सातपूरकर | शनिवार, रात्री १०.३०

मान! परत मान!

गोदाकाठची | रविवार, दुपारी १२.१५

सासूबाईंचा एक प्रश्न आहे, उत्तर माहीत असलं तर सांगा. आज रविवारचं डोक्याला तेल लावून देते म्हणाल्या, उद्या मशीनला चालेल का?

सातपूरकर | रविवार, दुपारी १२.२८

मला टोपी घसरते म्हणून कोरडं डोकं घेऊन या म्हणाले होते. आज तेल लावून घ्या, उद्या सकाळी धुवून टाका. पिना, क्लिपा, कानातलं घरी ठेवा. आणि जाताना काहीतरी खाऊन जा.

गोदाकाठची | रविवार, दुपारी १२.४०

बरं. बसले आहे पाटावर, पुढचं नंतर लिहिते. फोन तेलकट होतोय.